पिवळा राहिलेला तिसरा फ्लास्क

५ जाने. ७७, बुध.
सहाही फ्लास्कमध्ये जंतू तेच, ती न पचणारी साखरही तेवढीच थोडी. चाचणीत पाच पांढरे, नं. ३ पिवळाधमक. म्हणजे साखरेने जागं होणारं एन्झाइम तिथे भरपूर, बाकी झोपलेले. सर म्हणाले, "भेसळ. फेकून दे. मार्चमध्ये प्रबंध द्यायचाय ना?" मान डोलावली. फेकला मात्र नाही.

६ जाने.
सोमवारी मी रजेवर, जंतू सोडले अटेंडंट शेवंताबाईंनी. विचारलं. "तीनले विरजण कमी पडलं, म्हून जुन्या बाटलीतलं टाकलं. जोमदार होतं. काहून म्याडम, चुकलं का?" जुनी बाटली म्हणजे भरपूर साखरेत राहिलेले जंतू! बाईंनी दहीच लावलं. रागावणार होते, हसूच आलं. भेसळ नाहीच मग. पण आता साखर थोडी असून हे पिवळे का?

९ जाने., रवि.
सक्करदऱ्याला दादाकडे जेवण. वहीत काढून दाखवलं: साखर आत आली की पेशी एन्झाइमसोबत साखरेसाठी दारंही बनवते, दारं वाढली की आणखी साखर आत. दादा हिंगण्याला मोटरींचं काम करतो. घास हातातच. "अवं, हे तं आमचं स्टार्टर! बटन एकदा दाबाचं न् सोडाचं, मोटर फिरतच राह्यते. आपला सप्लाय आपणच धरून ठेवते. लाइन तोडून पाह्य ना. लाइन आल्यावर बटनाबिगर सुरू नाही झालं, तं तुयं खरं."
तीन वर्षं पुस्तकं वाचतेय, मला सुचू नये! इन्क्युबेटरचा थर्मोस्टॅट उलटा, तापलं की बंद करतो. तो शांत ठेवतो, हा हट्टाला पेटतो. तार परत फिरून बंद करते की चालू ठेवते, एवढाच फरक. पेशीत असे आणखी किती...

१५ जाने., शनि.
नं. ३ चे दोन भाग. एक धुतला, तीन दिवस साखर बंद, मग पुन्हा तीच थोडी. आज पांढरा. अगदी पांढरा! भरपूर साखरेचं बटन दाबल्याशिवाय सुरू होत नाही, दादाचंच खरं. न धुतलेला अजून पिवळा. शेवंताबाईंना टाळी दिली. त्या म्हणाल्या, "म्हंजे माह्यं बरोबर होतं?" फार फार आनंद.

१७ जाने., सोम.
सरांनी चाचणीच्या नळ्या बराच वेळ उजेडाकडे धरल्या. "चुकीवर प्रबंधाचं अख्खं प्रकरण उभं करणार तू?"
"हो सर."
"दोनदा पुन्हा करून दाखव. नाही जमलं तर मार्च विसर."
बरं म्हटलं. घाबरले होते, तरी खुशीतच म्हटलं.