काळोखातली अर्धी फेरी

अण्णा, आज आमच्या उपग्रहाचा कॅमेरा वर वळला. महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात सगळे खुर्च्या सोडून उभे होते. पडद्यावर तारे उमटले तेव्हा हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

सैन्यातून सुटून आल्यावर तुम्ही शिवाजीनगरच्या बाजारातून एक जुनी दुर्बीण आणलीत. संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावर माझं कोपर टेकवून म्हणायचात, "आधी गुरूवर फोकस धर. बाजूचे ठिपके, म्हणजे त्याचे चंद्र, सुटे दिसले की दुर्बीण शहाणी." सैन्यात असताना सीमेवरच्या चौकीत पहाऱ्याला बसण्याआधी तुम्ही रोज हेच करायचात. साहेबांनी हटकलं तर उत्तर तयार असायचं, "दुर्बीण तपासतोय, साब." आणि तपासून झाल्यावरही बराच वेळ तपासतच राहायचात, हे सांगताना तुमच्या मिशा हसायच्या. मात्र उजेडात तिकडे काय दिसायचं असं विचारलं, की इथल्या कानडीत "बरं" म्हणून विषय मिटवायचात, "सरी, आता जेवायला चल." मला फार राग यायचा. पोटच्या लेकीपासून काय लपवायचं?

आमचा उपग्रह सैन्यासाठी, सीमेवर नजर ठेवायला. मी मात्र इतकी वर्षं त्या कॅमेऱ्यापायी हाडं झिजवली ती ताऱ्यांसाठी. शेवटच्या बैठकीत सैन्याचे लोक नेमका तोच, कॅमेरा ताऱ्यांकडे वळवायचा भाग कापायला निघाले. कर्नलसाहेब म्हणाले, "वर वळला आणि वेळेत खाली आला नाही तर? तिथे माझी माणसं उभी आहेत." त्या माणसांत मला तुम्हीच दिसलात, त्यामुळे भांडता येईना. सगळं हातचं गेलं असं वाटलं, आणि तोंडून तुमचंच उत्तर निघालं.

"साहेब, पृथ्वीच्या सावलीत त्याला खालचं काही दिसत नाही. ती अर्धी फेरी तो रिकामाच असतो. तेवढ्यात ताऱ्यांवर फोकस तपासू दे, म्हणजे उजेडात सीमा स्वच्छ दिसेल."

"तपासायला अख्खी अर्धी फेरी लागते?"

"नीट तपासायचं तर लागते."

ते हसले. चौकीवर राहिलेला माणूस, त्यांनी बहाणा बरोबर ओळखला. उजेडाआधी कॅमेरा खाली वळलाच पाहिजे, एवढी अट घालून त्यांनी होकार दिला.

अण्णा, ठिपके सुटे आहेत. इतके सुटे, की तुम्हाला हाताला धरून आणून दाखवावंसं वाटतंय. मग ठरल्या वेळी कॅमेरा खाली वळला आणि उजेडातली चित्रंही आली. तीही मी पाहिली.

घरी आल्यावर माझ्या लेकीने विचारलं, "आई, खाली काय दिसलं?" मी म्हटलं, "सरी, आता जेवायला चल." ती रुसून आत गेली. तुमच्यावरचा माझा राग आज, तिचा तो चेहरा बघून गेला. एवढंच सांगायला बसले होते. खाली काय दिसलं ते तुम्हालाही सांगणार नाही.