एक अक्षर जास्त

३ मार्च

जुळलं! तुकडे तुकडे जोडून एक अख्खं जनुक — डोक्यापासून शेपटीपर्यंत. मेंढीच्या पोटातल्या जंताचं. जंत जी जनुकं वापरात ठेवतो त्यांचेच तुकडे आमच्या हाती लागतात, तेही फाटक्या चिठ्ठीसारखे. कडेला कड लावत बसायचं. मी बसले. लोक चहाला जायचे, मी बसले. आणि हे साधंसुधं जनुक नाही — जंतांचं औषध ज्या प्रथिनाला चिकटतं, त्याचंच.

जंत दादाने दिलेले, त्याच्या मेलेल्या मेंढीतले. फोनवर सांगितलं तर म्हणतो, "शास्त्रीणबाई, एवढं शिकून शेवटी जंतच?"

४ मार्च

प्रयोगशाळेत सरांनी पाच मिनिटांत हवा काढली. जनुकाच्या मधोमध 'थांबा' अशी खूण येते. प्रथिन तिथेच संपतं. "अर्धवट माल आहे," म्हणाले.

मी म्हटलं, एक अक्षर जास्त पडलंय, म्हणून पुढचं सगळं वाचन सरकलंय. त्या जागेवर एकच तुकडा आहे, पडताळायला दुसरा नाही; जनुक वाचणारं मशीन अडखळलं असणार. ते अक्षर काढा, सगळं सुरळीत वाचता येतं.

"म्हणजे तुम्हाला हवं म्हणून ध चा मा करायचा?"

मी आणि ध चा मा! घरी येऊन भांडी आपटली. उगाच. मेंढ्यांच्या सरकारी फार्मवरून दुसरे जंत मागवलेत. बघतेच.

९ मार्च

दादाच्या आणखी दोन मेंढ्या गेल्या. जनावरांचा डॉक्टर गावात सगळ्यांसमोर बोलला — जंतांचं औषध कमी पाजतोस, मग असंच होणार. "मोजून पाजतो गं," दादा म्हणाला. मीही म्हटलं, माप एकदा नीट बघ. मग वहिनीने फोन घेतला. कळप विकायचं बोलतायत म्हणे. लहानपणापासून त्याने दुसरं काही केलेलं नाही.

२० मार्च

नाही! फार्मच्या जंतांत ते अक्षर नाही! जनुक सलग, मधे कुठे अडथळा नाही. सरांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला. "लिहा पेपर. पहिलं नाव तुमचं." स्वर्ग दोन बोटं उरलाय. मशीनला नावं ठेवणारी मी, आणि खरी ठरले मी.

२१ मार्च

आरशात बघून स्वतःलाच म्हटलं — बाई, मानलं तुला.

२५ मार्च

मशीनची चूक पेपरात दाखवायची, म्हणून दादाचे उरलेले जंत पुन्हा वाचायला लावले. दुसऱ्या मशीनवर. अक्षर आहे. एकेक जंत वेगळा घेतला. प्रत्येकात आहे.

मशीन चुकलं नव्हतं. मी चुकले होते.

सर मागे येऊन उभे राहिले. पडद्याकडे बघून म्हणाले, "फार्मवर औषध लागू पडतं ना?"

पडतं.

२६ मार्च

दादाच्या जंतांत ते प्रथिनच अर्धं आहे. औषध चिकटणार कशाला? सकाळीच फोन केला. "दादा, तुझं माप बरोबर होतं." तो म्हणाला, "हे इथे येऊन सांग. सगळ्यांसमोर."