तो म्हातारा टेक्निशियन

प्रिय भिंगरी,

पत्र बघून घाबरू नकोस. सगळं ठीक आहे. गुडघा दुखतो, पण तो तुझ्या जन्माआधीपासून दुखतोय. फोन सोडून पत्र का, तर फोनवर आपलं काय बोलणं होतं ते तुला माहीत आहे. 'जेवलात?' 'जेवलो. तू?' 'जेवले.' 'बरं मग.' आई गेल्यापासूनच्या चार वर्षांत आपण दोघंही उपाशी नाही, एवढंच काय ते सिद्ध झालंय. आज मला जास्त बोलायचंय, आणि मधेच तू 'बाबा, साउंड चेक आहे' म्हणून फोन ठेवलास तर हिंमत पुन्हा गोळा करायला मला वर्ष लागेल.

आधी जुनं कबूल करून टाकतो. पंधराव्या वर्षी तू कुठून तरी जुना लॅपटॉप आणि दोन मोठे स्पीकर आणलेस आणि घराच्या भिंती धडधडायला लागल्या. खालच्या मजल्यावरचे भूगोलाचे निवृत्त सर दर रविवारी वर यायचे आणि म्हणायचे, 'भूकंपाचा केंद्रबिंदू तुमच्याच घरात आहे.' मी माफी मागायचो, आई त्यांना चहा द्यायची, आणि तू दार लावून आत असल्यामुळे ते येऊन गेल्याचं तुला कळायचंही नाही. पुढे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी तू म्हणालीस, 'मी हे सोडतेय, मला डीजे व्हायचंय, स्वतःचं संगीत करायचंय.' त्यावर मी म्हणालो, 'बटणंच दाबायची तर माझ्या लिफ्टमध्ये ये, तिथे निदान पेन्शन आहे.' मला वाटलं विनोद झाला. आईने माझ्याकडे पाहिलं तेव्हा कळलं, नाही झाला. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून मैत्रिणीकडे राहायला गेलीस.

तुझी पहिली वर्षं मला आईकडून तुकड्यातुकड्याने कळली. स्केटिंगच्या हॉलमध्ये वाजवलंस आणि ठोका वाढवत नेल्यावर पोरं भराभर एकमेकांवर आदळली, ते. गाद्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला तू हळुवार काहीतरी लावलंस आणि तीन गिऱ्हाइकं तिथेच घोरायला लागली, ते. दुकानदार म्हणे इतका खूश झाला की त्याने तुला पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं. आई हे सांगताना हसून हसून रडायची. मी पेपरमागे हसायचो. पेपर हलायचा, म्हणून तिला कळायचं.

आई दवाखान्यात होती तेव्हा तू तिच्या कानाला हेडफोन लावून तुझी अर्धवट गाणी ऐकवायचीस. ती डोळे मिटून पडायची आणि पांघरुणाखाली तिचा पाय हलायचा. मी दारात उभा राहून त्या पायाकडे बघायचो. मलाही ऐकव, असं कधी म्हणालो नाही. तू विचारलं नाहीस, ते बरोबरच केलंस.

आता खरी गोष्ट. तुला वाटतं मी तुझा कार्यक्रम कधी पाहिलेला नाही. मी अकरा पाहिलेत.

पहिला दीड वर्षापूर्वीचा. एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट तपासायला गेलो होतो, तिथे भिंतीवर तुझं पोस्टर. त्यावर तुझं जे नाव असतं ते मला अजून उच्चारता येत नाही, त्यात एकही स्वर नाही. पण फोटोतली कपाळावरची आठी माझीच होती. स्टेडियमबाहेरच्या मैदानात, दुपारी दोन ते सहा. मी इस्त्रीचा शर्ट घालून, बसायला पेपर आणि डबा घेऊन गेलो. डबा गेटवर काढून घेतला. बसायला तिथे कुणीच बसत नाही. इस्त्रीच्या शर्टामुळे पोरांना मी व्यवस्थापनाचा माणूस वाटलो. अर्धा तास मी सगळ्यांना स्वच्छतागृहाचा रस्ता दाखवत होतो. रस्ता मला माहीत नव्हता, पण कुणीही तक्रार घेऊन परत आलं नाही.

मग तू आलीस. मी नेमका सर्वांत मोठ्या स्पीकरसमोर उभा. आधी ठोके चढत गेले, वर, आणखी वर, मग क्षणभर सगळं थांबलं आणि धाडकन खाली! हजारो माणसं हात वर करून आनंदाने ओरडली. भिंगरे, लिफ्टचं असं होऊ नये म्हणून मी पस्तीस वर्षं पगार घेतला. माझे गुडघे आपोआप वाकले आणि मी खाली बसलो. 'मी ठणठणीत आहे' असं ओरडत असताना दोन स्वयंसेवकांनी मला उचलून प्रथमोपचाराच्या तंबूत नेलं.

तिथे एक सिस्टर होत्या. मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या, सुट्टीच्या दिवशी अशा कार्यक्रमांत काम करणाऱ्या. त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'नाडी एकशे अठ्ठावीस. गाण्याचीही तेवढीच आहे. दोघांपैकी एकाला कमी करावं लागेल.' मग पाणी देत म्हणाल्या, 'पण या मुलीच्या कार्यक्रमात चक्कर येणारे कमीच असतात बरं का. ती मधे मधे माणसांना श्वास घ्यायला जागा ठेवते. बाकीच्यांना ते सुचत नाही.' मी म्हणालो, 'ती माझी मुलगी आहे.' हे वाक्य मी मोठ्याने कधी म्हटलंच नव्हतं, हे म्हटल्यावर लक्षात आलं. त्यांनी माझी नाडी पुन्हा तपासली.

त्यानंतर मी जात राहिलो. टोपी घालून, मागच्या बाजूला, कानात सिस्टरांनी दिलेले बोळे. तुझं संगीत मला सगळं कळतं असं नाही. पण नवीन गाण्यात तू पावसाच्या पन्हळीसारखा जो आवाज वापरलायस, तो आपल्या स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचा आहे, हे आम्ही लगेच ओळखलं. म्हणजे मी ओळखलं आणि शेजारी उभ्या सिस्टरला सांगितलं.

गेल्या महिन्यात ऐन रंगात तुझा आवाज बंद पडला, आठवतं? दिवेही गेले. तू पळून गेली नाहीस. टेबलावर चढून नुसत्या टाळ्यांनी ठोका धरलास आणि अख्खं मैदान तुझ्याबरोबर टाळ्या वाजवायला लागलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मी जनरेटरकडे धावत होतो. तिथला इलेक्ट्रिशियन नुसता डोकं खाजवत उभा. मी म्हणालो, 'बाजूला हो, लिफ्टवाला आहे.' मेन स्विचच्या पेटीत एक वायर सैल होऊन जळली होती. सहा मिनिटांत जोडली. पुढे मुलाखतीत तू 'एका अनोळखी म्हाताऱ्या टेक्निशियनचे' आभार मानलेस. म्हातारा हा शब्द सोडला तर मुलाखत चांगली होती. मी ती कापून ठेवली आहे. तेव्हाच समोर यायला हवं होतं. पण आधी त्या बटणांच्या वाक्याची माफी मागायला हवी होती. चुकलं माझं. फार चुकलं.

एव्हाना तू ओळखलंच असशील, तू आईची मुलगी आहेस. सिस्टर आणि मी लग्न करायचं म्हणतोय. पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला, नोंदणी कार्यालयात, सकाळी अकराला. मी तिला अजून सिस्टरच म्हणतो. ती म्हणते, कार्यालयात अशी हाक मारलीत तर ते अर्जच घेणार नाहीत. साक्षीदार म्हणून तू यावंस, ही माझी विनंती आहे. तुला नको वाटलं तर थांबू, असं तिचं म्हणणं. मी म्हणतो, आमचं थांबायचं वय राहिलेलं नाही. पण थांबू. आईच्या कपाटाला हात लावायचा नाही, हे तिनेच आधी सांगितलं. 'तुमच्या कपाटात एक कप्पा करा, मला तेवढा पुरे,' म्हणाली. म्हणून रविवारी मी माझे सगळे जुने शर्ट काढून देऊन टाकले. कप्पा रिकामा आहे आणि माझ्याकडे आता दोनच शर्ट उरलेत. तेव्हा काय ते लवकर कळव.

तुझाच,
बाबा