मागच्या सीटची सवय

शुक्रवार, फेब्रुवारी १९८६. घाटकोपर.

लर्निंग लायसन मिळालं नाही. एका डाव्या हातापायी!

आरटीओतल्या साहेबांनी तोंडी परीक्षा घेतली. रस्त्यावरच्या पाट्या मी सगळ्या ओळखल्या. मग त्यांनी विचारलं, "स्कूटर डावीकडे वळवायचीय, हाताने खूण कशी कराल?" मी पटकन डावा हात बाहेर काढला. साहेब हसले. "बाई, चालवणाऱ्याने डावीकडे वळतानाही उजवाच हात गोल फिरवायचा असतो. ही तुमची मागच्या सीटची सवय. मागेच बसा की, काय वाईट आहे?" रांगेतले पुरुषही फिदीफिदी हसले.

सवय असणारच ना! आमच्या ह्यांच्या स्कूटरचा इंडिकेटर कित्येक वर्षं बंद आहे. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसते आणि डावीकडे वळताना डावा, उजवीकडे वळताना उजवा हात काढते. म्हणजे निम्मी स्कूटर मीच चालवत होते. हे कुणाच्या लक्षात आलंय का? माझ्या तरी कुठे आलं होतं?

सोमवारी परत जाणार. हसू देत काय हसायचं ते.

घरी येताना हे म्हणाले, "झालं समाधान? आता सोड तो नाद." नाक्यावर डावीकडे वळायचं होतं. मी हात मांडीवरच ठेवला. मागचा टॅक्सीवाला हॉर्न बडवायला लागला.

"अगं, हात काढ ना!" हे ओरडले.

"लायसन तुमच्याकडे आहे. तुम्हीच काढा."

काढला ह्यांनी. डावाच!