शिक्षा म्हणजे सजा

बाबा, काल आमच्या सोसायटीत एका डॉक्टरांनी भाषण ठोकलं : संशोधनाला पैसा लागत नाही, जिद्द लागते. मी उठून बाहेर आले, नाहीतर खुर्ची फेकली असती.

जिद्द म्हणे! निवृत्त झाल्यावर तुम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या माझ्या सरकारी क्वार्टरमधलं स्वयंपाकघर बळकावलंत. खिडकीला एक्स-रे, ओट्यावर मायक्रोस्कोप, आणि मी खाली बसून पोळ्या लाटायच्या. गुडगावात काचेचे टॉवर उगवत होते. त्यांच्यासाठी दगड फोडणारे मजूर धापा टाकत तुमच्याकडे यायचे. सरकारी दवाखाना सरसकट टीबीची औषधं द्यायचा. फुप्फुसात दगडाची धूळ आहे, हे तुम्हाला सिद्ध करायचं होतं. अनुदान मागायला गेलात, तर साहेबांनी विचारलं, "संस्था कौनसी?" तुम्ही म्हणालात, "घर." ते हसले. मग तुमची पेन्शन एक्स-रेमध्ये जायला लागली.

आणि एक दिवस खडीच्या क्रशरचा ठेकेदार दारात उभा राहतो. आधी अगदी गोड. "डॉक्टरसाब, अस्पताल खुलवा दूँ? बस, ये धूल-वूल छोड़ो." तुम्ही त्याला खुनी म्हणता, तो हसतो. तेव्हा तुम्ही तुमच्या मराठी हिंदीत गरजता, "तुमको शिक्षा मिलनी चाहिए!" बाबा, सजा म्हणायचं होतं हो! दिल्लीत शिक्षा म्हणजे शिक्षण. खुनी म्हटलेलं पचलं, अडाणी पचलं नाही. "मुझे अनपढ़ बोला, बुड्ढे?" त्याने तुमच्या थोबाडीत दिली, मायक्रोस्कोप भिंतीवर आपटला, एक्स-रे ओरबाडून पेटत्या गॅसवर टाकले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला दुसरा गाल पुढे करायला शिकवलं होतं. मी खलबत्त्यातला बत्ता पुढे केला. त्याच्या मनगटाचं हाड वाजलं.

आणि तुम्ही? नाकातून रक्त गळत असताना त्याला स्टुलावर बसवलंत, पट्टी लावून मनगट बांधलंत. वर मला, "सॉरी म्हण त्याला." तेवढ्यात तो खोकला. तुमचे कान टवकारले. "धूल में काम किया है कभी?" "बचपन में," तो पुटपुटला. जळक्या फिल्म ओलांडून तुम्ही स्टेथोस्कोप आणायला आत गेलात.

लोक याला थोरपणा म्हणतात. मी नाही म्हणत. ते एक्स-रे ज्यांचे होते, ते टीबीच्या गोळ्या गिळत गेले. पुन्हा फिल्म काढायला ना पैसे उरले, ना ती माणसं.

हे पत्र पाठवायला आता तुमचा पत्ता नाही, म्हणून सांगते. तुम्ही आत गेलात तेव्हा मी त्याचं तेच मनगट पिळलं. तो किंचाळला. तुम्हाला वाटलं, बँडेज घट्ट झालं.