सहा इस्पिकं आणि अडुसष्ट टक्के

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं आईकडून कळलं, बरं वाटलं. मामींनाही नमस्कार सांगा. (त्या अजून माझ्यावर रागावलेल्या असतील तर रागरंग बघून सांगा.) इकडे सगळे मजेत, मी सोडून.

ब्रिज मला तुम्ही शिकवलंत, म्हणून गाऱ्हाणंही तुमच्याकडेच. सासूबाई आणि मी चार वर्षं क्लबात जोडीनं खेळतो. रविवारी अंतिम फेरी आहे. भिडू म्हणून मला ठेवायचं की माझ्या साडूला घ्यायचं, याचा निकाल त्या शुक्रवारी देणार आहेत. साडू दातांचा डॉक्टर. समोरच्याला बोलता येत नसलं की याच्या मतांना जोर चढतो, आणि क्लबात तर खेळणारे गप्पच असतात. त्यानं माझी जागा घेतली तर यापुढे घरातलं एकही जेवण मला सुखानं गिळता येणार नाही.

परवा दुपारी मी सहा इस्पिकं बोललो. म्हणजे इस्पिक हुकूम आणि तेरापैकी बारा हात करायचा विडा. एकच हात गमवायची मुभा. भिडूनं पत्ते उघडे मांडून तोंड मिटून बसायचं, हा नियम. (सासूबाई तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. हा नियम पाळताना त्यांच्या मानेच्या शिरा दिसतात.) मी शिस्तीत तीनदा हुकूम खेळून विरोधकांचे संपवले. सासूबाईंकडे तीनच होते, तेही गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग मोजलं तर अकरा हात पक्के, बाराव्याची सोय नाही. तेव्हा मी विचाराला बसलो. विरोधकांची चौकटची सहा पानं तीन-तीन वाटली गेली असतील तर बारावा हात तिथे मिळतो, आणि तशी शक्यता छत्तीस टक्के. नसतील, तर किलवरचा राजा उजवीकडे आहे असं धरून राणी लावायची, ते पन्नास टक्के. दोन्ही उपाय ओळीनं केले की अडुसष्ट. एवढं सगळं मी मनातल्या मनात अकरा मिनिटांत केलं. उजवीकडच्या घड्याळजींनी तेवढ्यात स्वतःचं घड्याळ दोनदा कानाला लावून पाहिलं. चौकट चार-दोन निघाली. किलवरचा राजा डावीकडे, वकीलबाईंच्या हातात. मी एका हातानं पडलो. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "विचार मात्र भरपूर केलात हं." साडू पाठीमागे उभा राहून हसला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

आता तुम्हीच सांगा, उरलेल्या बत्तीस टक्क्यांनी दगा दिला यात माझा काय दोष? तब्येतीला जपा.

तुमचा भाचा

ता. क. सासूबाई तुमचा शब्द मानतात. माझ्याच जागी तुम्ही असतात तर हेच खेळला असतात, असं दोन ओळींत त्यांना कळवा. शुक्रवारच्या आत. आमचे दोघांचे पत्ते वेगळ्या कागदावर मांडून सोबत जोडतोय.

पुन्हा ता. क. तो कागद बायकोनं पाहिला. हिला लहानपणीच्या पत्त्यांपलीकडे काही येत नाही. हिनं विचारलं, आईकडे बदामाचं एकच पान होतं आणि तुमच्याकडे बदामाचा एक्का नि तिर्री. मग हुकूम संपवण्याआधी एक्का खेळून ती तिर्री आईच्या हुकमानं का नाही कापलीत? मी म्हटलं, ब्रिज इतकं सोपं नसतं. मग स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा मोजलं. बारा हात होत होते. टक्केवारीचा प्रश्नच नव्हता. मामा, सासूबाईंना काही कळवू नका. साडूला जागा मिळाली नाही, हे खरं. ही आत्ता आपल्या आईशी फोनवर बोलतेय, आणि रविवारी भिडू म्हणून किती वाजता यायचं ते विचारतेय.