उत्तर न ऐकलेली हाक

प्रिय एस्किल,

भीती वाटतेय, म्हणून लिहायला बसले. वाऱ्यानं बंदरावरच्या या रेडिओ-खोलीच्या काचा खडखडताहेत आणि माझा राय-ब्रेडचा डबा सकाळपासून तसाच पडलाय.

दुपारी तू बचावनौका घेऊन निघालास आणि तासाभरात तुझा प्रोग्रॅम अडखळायला लागला. हो, तुझाच. संगणकाची नोकरी सोडून समुद्रावर जाण्याआधी नौकांवर नजर ठेवणारा जो पहारेकरी तू लिहून गेलास, तोच. नौकांचे संदेश वाढले तसे मशीन त्याला मेमरी नाकारू लागलं. मी कर्नलला, म्हणजे मशीनचा सगळा कारभार बघणाऱ्या मूळ प्रणालीला विचारलं, हा कोणत्या लॉगिन वर्गात आहे? कुणाला किती मेमरी द्यायची ते या वर्गावरच ठरतं. उत्तर आलं, साध्या. जास्त मेमरी मिळणाऱ्या ‘बचाव’ वर्गात नाहीच! साध्या वर्गाच्या वाट्याला येते तेवढ्या मेमरीत शांत समुद्र निभावतो, वादळ नाही.

तुझा कोड उघडला. प्रोग्रॅम सुरू होताच तू आधी त्याचा मूळ अधिकार, ज्याच्यावाचून वर्ग बदलताच येत नाही तो, काढून घेतलास आणि मग वर्ग बदलून मागितलास. कर्नल अर्थातच नाही म्हणाला. ते उत्तर तू तपासलंच नाहीस. आमचा म्हातारा हेनिंग माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला, “अगं, तुझ्या या कारट्यानं आधी किल्ली समुद्रात फेकली आणि मग कुलूप उघडायला गेला!” मी हसले, आणि लगेच रडू फुटलं.

चालू प्रोग्रॅमचा वर्ग बाहेरून बदलता येत नाही, ज्याचा त्यानंच मागायचा असतो. त्या दोन ओळींची अदलाबदल करून तो बंद करून पुन्हा सुरू करणं एवढंच हातात होतं. बंद केला की नौका दाखवणारा पडदा कोरा होणार आणि प्रत्येक नौकेनं नव्यानं आपल्या जागेची खूण पाठवेपर्यंत आम्ही आंधळे. मी कळीवर बोट टेकवलं. हेनिंग म्हणाला, “दाब पोरी, असाही तो प्रोग्रॅम मरतोयच.” दाबली.

आता तो ‘बचाव’ वर्गात आहे. खुणा एकेक करून परत आल्या, मच्छीमारांच्या सगळ्या. तुझी नाही. हेनिंग रेडिओवर तुला सारखा हाका मारतोय. त्याचा घसा बसलाय, आणि मला नुसतं ऐकत बसवत नाही.

ईस्टरला धक्क्यावर तू विचारलंस, माझ्याबरोबर राहशील का? मी तोंड उघडायच्या आत इंजिन सुरू करून निघून गेलास. तुझी खोडच ती. उत्तर ‘हो’ होतं, एस्किल. अजूनही हो आहे. या वेळी तरी ऐकायला परत ये.

पडद्यावर डोळे लावून बसलेली,
तुझीच राग्नहिल्ड